राखीव अ‍ॅम्प

ट्यूब अ‍ॅम्पवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर) वाजवणाऱ्या गिटारवादकाचा आवाज अशा काही वस्तूंवर अवलंबून असतो, ज्या झिजण्यासाठीच बनलेल्या आहेत. काचेच्या नळीत ६.३ व्होल्टवर लाल होणारी तार, तिच्याभोवती शेकडो व्होल्टचा दाब पेलणारी प्लेट, प्रवासातले हादरे सोसणारी सॉकेट्स आणि या सगळ्यांमागे उभा असलेला, ट्यूबची शक्ती स्पीकरपर्यंत पोहोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, यांपैकी कोण कधी थकेल हे आधी सांगता येत नाही. प्रीअ‍ॅम्पची (गिटारचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्याची) ट्यूब गेली तर ती दोन गाण्यांच्या मध्ये बदलता येते. स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देणारी पॉवर ट्यूब जाताना बहुधा फ्यूजही घेऊन जाते, आणि मग फ्यूज बदलावा की ट्यूब, की आतला एखादा रेझिस्टरही जळाला आहे, हे तपासायला मंचावर ना उजेड असतो ना सवड. ट्रान्सफॉर्मर गेला तर त्या कार्यक्रमापुरता तो अ‍ॅम्प संपला. म्हणून जो नियमितपणे लोकांसमोर वाजवतो, त्याच्याजवळ दुसरा अ‍ॅम्प असलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे, आणि तो स्वस्तातला सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा, अ‍ॅम्प असावा असे मी अनेक पर्याय हाताळल्यानंतर ठरवले आहे.

हा निर्णय ऐकल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो तो असा, की त्याचा आवाज मुख्य अ‍ॅम्पसारखा येतो का? माझ्या मते राखीव अ‍ॅम्पच्या बाबतीत हा प्रश्नच मुळात गैरलागू आहे. मुख्य अ‍ॅम्प आपण आवडीने निवडतो. त्याच्या एकेका लकबीवर आपला जीव असतो आणि त्या लकबींसाठी आपण त्याचे वजन, त्याची नाजूक प्रकृती आणि त्याचा खर्च सहन करतो. राखीव अ‍ॅम्पकडून वेगळी अपेक्षा असते. कार्यक्रमाच्या मध्यावर, मागे ढोल-झांजा घुमत असताना, तो चालू केल्याबरोबर उरलेली सगळी गाणी निभावून नेता आली पाहिजेत. आवाज आवडणे आणि आवाजावर विसंबता येणे या दोन निरनिराळ्या कसोट्या आहेत, आणि खरेदीच्या वेळी त्यांची सरमिसळ झाली की माणूस एक तर फार महाग वस्तू घेतो किंवा चुकीची.

सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पविषयी गिटारवादकांच्या मनात जो आकस आहे, त्याला कारण आहे आणि ते इतिहासात सापडते. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला आणि १९५६ मध्ये शॉकलीसह त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या दशकात गिटार अ‍ॅम्प बनवणाऱ्या कंपन्यांना वाटू लागले, की आता नळ्यांचा जमाना संपला. फेंडरने १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरवरच्या अ‍ॅम्पची मोठी मालिका बाजारात आणली आणि ती थोड्याच वर्षांत गुंडाळावी लागली. त्या काळच्या पॉवर ट्रान्झिस्टरचा एक स्वभाव फार घातक होता: तो तापला की त्यातून अधिक प्रवाह वाहतो, अधिक प्रवाह वाहिला की तो आणखी तापतो, आणि हे चक्र वेळीच रोखले नाही तर क्षणार्धात तो निकामी होतो. ट्यूब थोडा वेळ मर्यादेबाहेर राबवली तर सोसते. ट्रान्झिस्टर सोसत नाही. गिटारवादक तर अ‍ॅम्पला मर्यादेबाहेर ढकलण्यातच सुख मानणारी जमात. उष्णता वाहून नेणारी धातूची पाती, प्रवाहावर नजर ठेवणारे संरक्षक सर्किट आणि अधिक दणकट ट्रान्झिस्टर येईपर्यंत या अ‍ॅम्पची बदनामी पक्की होऊन गेली होती.

तरीही त्या काळापासून ज्यांनी हा मार्ग जाणूनबुजून धरला, त्यांची नावे पाहिली की आकस आपोआप सैल होतो. जॉन फोगर्टी कस्टम कंपनीच्या अ‍ॅम्पवर वाजवत असे. आल्बर्ट किंगच्या मागे अकूस्टिक कंपनीचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प असे. बी. बी. किंगने लॅब सीरिजचा एल-५ वर्षानुवर्षे वापरला. डाइमबॅग डॅरेलने तर रँडॉलच्या सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पची कडक, करवतीसारखी धार हीच आपली ओळख बनवली. या वादकांना हवा तो ट्यूब अ‍ॅम्प सहज मिळाला असता.

रोलंडच्या जाझ कोरस १२० विषयी थोडे अधिक लिहितो, कारण सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प म्हणजे ट्यूब अ‍ॅम्पची गरिबांसाठीची नक्कल, ही समजूत त्याने मोडीत काढली. १९७५ मध्ये आलेल्या या अ‍ॅम्पमध्ये प्रत्येकी ६० वॅटचे दोन स्वतंत्र पॉवर अ‍ॅम्प आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा १२ इंची स्पीकर आहे. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून मूळ स्वर येतो आणि दुसऱ्यातून किंचित मागे-पुढे डोलणारा स्वर येतो; दोघांचे मिश्रण तारेत न होता खोलीतल्या हवेत होते, म्हणून तो आवाज इतका रुंद भासतो. याच सर्किटवरून १९७६ मध्ये बॉसचा सीई-१ हा कोरस पेडल (पायाने चालू-बंद करायची इफेक्टची डबी) तयार झाला. द पोलीस बँडचा अँडी समर्स याच अ‍ॅम्पवर वाजवत असे, आणि मेटॅलिकाच्या जेम्स हेटफील्डने आपल्या स्वच्छ स्वरांसाठी हाच अ‍ॅम्प निवडला. स्वच्छ, ताठ, न वाकणारा स्वर ही सॉलिड-स्टेटची उणीव नसून स्वतंत्र गुण आहे, हे त्यांच्या वादनातून स्पष्ट ऐकू येते. (सॉलिड-स्टेट म्हणजे हलका, हेही सरसकट खरे नाही, हा अ‍ॅम्प जवळपास २८ किलोचा आहे आणि जिन्यावरून वर चढवताना तो मोठ्या ट्यूब अ‍ॅम्पइतकाच दमवतो.)

आवाजातला फरक मात्र नाकारण्यात अर्थ नाही, आणि तो कशामुळे पडतो हे समजून घेतले तर राखीव अ‍ॅम्प निवडणेही सोपे जाते. एक फरक सर्वांना ठाऊक असतो: ट्यूब मर्यादेपाशी पोहोचली की ध्वनिलहरीचा माथा हळूहळू दाबते, तर ट्रान्झिस्टर तो एकदम सपाट कापतो. या कापण्यातून वरच्या पट्टीतले टोकदार, कर्कश स्वरांश तयार होतात. दुसरा फरक कमी बोलला जातो, पण हाताला तोच आधी जाणवतो. स्पीकरवर त्याच्या विद्युत विरोधाचे माप म्हणून ८ ओहम असे लिहिलेले असले तरी तो सर्व स्वरांना ८ ओहम नसतो. खालच्या पट्टीत एका ठरावीक जागी, त्याच्या नैसर्गिक कंपनापाशी, हा विरोध कित्येक पटींनी वाढतो आणि वरच्या पट्टीतही तो चढत जातो. ट्यूब अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट विरोध जास्त असल्याने तो स्पीकरच्या या चढ-उतारांबरोबर वाहत जातो, आणि त्यामुळे खाली थोडी गोलाई आणि वर थोडी चमक आपोआप येते. साध्या सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पचा विरोध अगदी कमी असतो. तो स्पीकरच्या कोनला घट्ट धरून ठेवतो. म्हणून तो एकटा ऐकला की कोरडा आणि सपाट वाटतो. चांगल्या रचनांमध्ये स्पीकरमधून वाहणाऱ्या प्रवाहाचा अंश फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेरून आत परत फिरवलेल्या सिग्नलमध्ये, मिसळून हा विरोध मुद्दाम वाढवलेला असतो, आणि स्वस्त अ‍ॅम्पमध्येही ही योजना आढळते. दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवून वाजवले की कोणत्यात ती आहे हे तारेवर पहिला आघात करताच कळते.

येथेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे निरीक्षण नोंदवायचे आहे. एकट्याने ऐकताना जी उणीव वाटते, ती बँडमध्ये बहुतेक वेळा उणीव राहत नाही. खालची गोलाई बेस गिटार आणि ड्रमच्या किकखाली तशीही झाकली जाते. वरची चमक झांजांमध्ये विरून जाते. गिटारला स्वतःची जागा मिळते ती मधल्या पट्टीत, आणि तेथे साधा सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प पुरेसा भक्कम असतो, फक्त मिडचा नॉब घरच्या सवयीने कमी करून ठेवू नये. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. त्यामुळे खोलीत हलक्या आवाजात बसवलेली मांडणी नेहमीच बेस आणि ट्रेबलकडे झुकलेली असते, आणि तीच मांडणी मंचावर नेली की गिटार गढूळही वाटते, टोचतेही, आणि तरी ऐकू येत नाही. अनेक स्वस्त अ‍ॅम्पना ठेवली जाणारी नावे ही या चुकीच्या मांडणीची शिक्षा आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वॅटचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. या हिशोबाने ३० वॅट आणि ६० वॅट यांत फार अंतर नसावे. पण ट्यूब अ‍ॅम्प आपल्या नोंदवलेल्या शक्तीच्या पलीकडेही सुखाने वाजतो, कारण तेथे तो दबतो, भरतो आणि कानाला अधिकच मोठा वाटतो. सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पला नोंदवलेल्या मर्यादेच्या आतच राहावे लागते, आणि प्रत्येक जोरकस आघातासाठी वर मोकळी जागा शिल्लक ठेवावी लागते. म्हणून १५ ते ३० वॅटच्या ट्यूब अ‍ॅम्पला राखीव म्हणून ५० ते १०० वॅटचा सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प घ्यावा, असे मी सांगतो. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीवर तो किती मोठा वाजतो, हेही पाहावे. एकाच अ‍ॅम्पवर ९७ डेसिबलचा स्पीकर आणि १०० डेसिबलचा स्पीकर यांतला फरक शक्ती दुप्पट करण्याइतका आहे. ८ इंची स्पीकरच्या छोट्या अ‍ॅम्पमधून ड्रमसमोर उभा राहणारा स्वर काढणे अवघड जाते. किमान १० इंची आणि शक्यतो १२ इंची स्पीकर असावा.

ओहमच्या बाबतीत ट्यूबचे आणि ट्रान्झिस्टरचे नियम उलटसुलट आहेत, आणि दोन्ही प्रकारचे अ‍ॅम्प वापरणाऱ्याने ते पाठ करावेत. ट्यूब अ‍ॅम्पला स्पीकर जोडलेला नसेल आणि त्यावर वाजवले, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका असतो. सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पला स्पीकर नसला तरी सहसा काही होत नाही. त्याला भीती असते ती किमान मर्यादेपेक्षा कमी ओहमची आणि शॉर्ट सर्किटची. ४ ओहमवर १०० वॅट देणारा अ‍ॅम्प ८ ओहमच्या कॅबिनेटवर (स्पीकरच्या खोक्यावर) निम्म्याहून थोडीच अधिक शक्ती देतो, म्हणून पेटीवरचा मोठा आकडा कोणत्या ओहमसाठी आहे हे वाचल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. स्पीकरला जोडायची वायर स्पीकरचीच असावी. गिटारची बारीक शिल्ड वायर तेथे लावणे कोणत्याही अ‍ॅम्पसाठी वाईटच.

डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला स्वर, कोठून घ्यायचे, हा पुढचा विचार. स्वस्त अ‍ॅम्पमधला डिस्टॉर्शन चॅनल कामचलाऊ असतो आणि राखीव अ‍ॅम्पसाठी मी त्याचा विचारच करत नाही. स्वच्छ चॅनल चांगला असावा, त्याने पेडल निमूटपणे स्वीकारावेत आणि बाकी सगळे पायाखालच्या फळीवर असावे. हे बोलताना कित्येकांना वाटते, की पेडलचे डिस्टॉर्शन म्हणजे तडजोड. पण ज्या आयबानीझच्या ट्यूब स्क्रीमरवर ट्यूब अ‍ॅम्पवाल्यांचे इतके प्रेम आहे, त्याच्या आत ऑप-अ‍ॅम्प आणि डायोड, म्हणजे सिलिकॉनचेच भाग, आहेत. आपण ज्याला ट्यूबचा स्वर म्हणतो, त्यात सिलिकॉनचा वाटा कित्येक दशकांपासून आहे. ज्याचा सगळा स्वर पॉवर ट्यूब ओढून काढण्यावर उभा आहे, त्याने आपल्या फळीवर मधली पट्टी उचलणारा एक ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शनचा पेडल) कायम ठेवावा. एरवी तो बंद असला तरी चालेल, राखीव अ‍ॅम्पवर गेल्यावर तो चालू करायचा.

अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट्स लूपचा रिटर्न जॅक आहे का, हे मी खरेदीच्या वेळी आवर्जून पाहतो. तो असला की अ‍ॅम्पचा पुढचा भाग टाळून एखादा प्रीअ‍ॅम्प पेडल किंवा मॉडेलर (निरनिराळ्या अ‍ॅम्पचे आवाज डिजिटल रीतीने उभे करणारे यंत्र) थेट पॉवर अ‍ॅम्पला जोडता येतो, आणि मग स्वस्त अ‍ॅम्पच्या टोन कंट्रोलचा स्वभाव मध्ये येत नाही. पेडलच्या आकाराचे पॉवर अ‍ॅम्पही आता मिळतात. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ४४ मॅग्नम ८ ओहमवर ४४ वॅट देतो आणि गिटारच्या पिशवीत मावतो. मुख्य कॉम्बोचे (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या संचाचे) सर्किट गेले पण स्पीकर शाबूत असेल, तर त्याच स्पीकरची वायर काढून अशा पेडलला जोडता येते. वजनाच्या दृष्टीने याहून सोयीचे काही नाही. तरीही मी स्वतःचा स्पीकर असलेला कॉम्बो पसंत करतो, कारण स्पीकरची कॉइलही जळते, वायरही तुटते, आणि राखीव वस्तूला मुख्य वस्तूच्या कोणत्याही भागाची गरज पडू नये असे मला वाटते. मॉडेलर थेट पीएमध्ये (सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेत) घालण्याचा पर्यायही चांगला आहे, पण तो मंचावरचे मॉनिटर चांगले असतील तेथेच. जेथे पीएमधून फक्त गायकाचा आवाज जातो, तेथे त्याचा उपयोग नाही.

२०१६ मध्ये आलेल्या बॉसच्या कटानासारख्या अ‍ॅम्पमध्ये पुढचा भाग डिजिटल आणि मागचा पॉवर अ‍ॅम्प अ‍ॅनालॉग असतो. अशा अ‍ॅम्पचे स्वर खरोखर चांगले आहेत. राखीव म्हणून घेतल्यास एकच पथ्य पाळावे: ज्या मांडणीवर विसंबायचे, ती समोरच्या नॉबवर दिसली पाहिजे किंवा एका बटणावर साठवलेली असली पाहिजे. मेनू उघडून शोधाशोध करायला त्या घडीला मन ठिकाणावर नसते.

जुना अ‍ॅम्प घेणे मला नव्यापेक्षा अधिक आवडते, कारण जो सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प अनेक वर्षे रस्त्यावर टिकला आहे, त्याच्या रचनेची परीक्षा आधीच झालेली असते. तो पाहताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवून आधी शांतपणे ऐकावे. त्या वेळी ठळक घुमणारा हम आला तर पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळले असण्याची शक्यता असते. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नये. कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बहुधा जाते. इनपुट जॅकमध्ये वायर हलवून पाहावी, कारण तेथले सोल्डर तडकणे हा या अ‍ॅम्पचा सर्वांत नेहमीचा आजार आहे, आणि हाताने केलेल्या साध्या सोल्डरिंगने तो बरा होतो. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून डीसी व्होल्टेज मोजावे. गिटार न वाजवता ते काही दशक मिलिव्होल्टच्या आत असावे. पूर्ण व्होल्टभर डीसी दिसले तर एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला किंवा जाण्याच्या वाटेवर असतो, आणि तो स्पीकरही जाळू शकतो. अशा अ‍ॅम्पचा मोह धरू नये. मागच्या पट्टीवर ११५ व्होल्ट लिहिले आहे की २३० हे पाहावे, आणि अर्थिंगची तिसरी पिन जागेवर आहे ना याची खात्री करावी. मग आपली गिटार, आपले पेडल जोडून, मंचावर लागेल तेवढ्या आवाजात तो बराच वेळ वाजवावा आणि मागच्या धातूला हात लावून तो किती तापला ते बघावे. जो विक्रेता मोठ्याने वाजवू देत नाही, त्याच्याकडून अ‍ॅम्प घेऊ नये.

अ‍ॅम्प घरी आला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. कोपऱ्यात झाकून ठेवलेला अ‍ॅम्प राखीव म्हणता येत नाही, कारण त्यावर आपले हात बसलेले नसतात. सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प आघात दाबत नाही. पिक जितक्या जोराने पडेल तितक्या जोराने स्वर बाहेर येतो, आणि उजव्या हातातली असमानता, जी ट्यूब अ‍ॅम्प प्रेमाने पोटात घालतो, ती येथे उघडी पडते. म्हणून मी तालमी याच अ‍ॅम्पवर करतो. काही काळाने उजवा हात अधिक समतोल पडू लागतो, गिटारच्या व्हॉल्यूम नॉबचा वापर वाढतो, आणि गंमत म्हणजे मुख्य अ‍ॅम्पवर परतल्यावर तेथेही वादन स्वच्छ झालेले जाणवते. तालमीत ठरलेल्या नॉबच्या जागा मी चिकटपट्टीच्या लहान तुकड्यांनी खुणावून ठेवतो.

मंचावर तो मुख्य अ‍ॅम्पच्या शेजारी, वीज जोडून आणि चालू करून ठेवावा. सॉलिड-स्टेटला तापायला वेळ लागत नसला तरी सैल प्लग किंवा मेलेला सॉकेट आधीच कळलेला बरा. पेडलच्या फळीनंतर एबी स्विच लावला तर पायाच्या एका दाबाने स्वर इकडून तिकडे जातो. पण दोन्ही अ‍ॅम्प अर्थ केलेले असल्याने त्यांच्यात शिल्डच्या तारेतून एक वेढा तयार होतो आणि हम सुरू होतो. हा हम घालवण्यासाठी अर्थिंगची पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. गिटारच्या तारांना हात आणि मायक्रोफोनला ओठ लावणाऱ्या माणसाने ते कदापि करू नये. एका बाजूला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला एबी स्विच घ्यावा, हम जातो आणि अर्थिंगही शाबूत राहते. सोबत दोन्ही अ‍ॅम्पचे, त्याच मूल्याचे आणि त्याच जातीचे जादा फ्यूज असावेत. क्षणभराचा जादा प्रवाह सोसणाऱ्या स्लो-ब्लो फ्यूजच्या जागी साधा फ्यूज लावला तर तो चालू करतानाच उडतो आणि अ‍ॅम्प बिघडल्याचा उगाच भास होतो.

या व्यवस्थेचा एक परिणाम मला आधी सुचला नव्हता. लहान जागेतल्या, थोड्या श्रोत्यांच्या कार्यक्रमांना मी आता पुष्कळदा राखीव अ‍ॅम्पच मुख्य म्हणून नेतो. त्याचा स्वर लहान आवाजातही तसाच राहतो, तो एका हाताने उचलता येतो, आणि बेस वाजवणारा सांगतो की त्याला स्वतःचे स्वर अधिक स्पष्ट ऐकू येतात. अशा वेळी त्याला राखीव म्हणून मी स्पीकर सिम्युलेशन असलेला एक छोटा प्रीअ‍ॅम्प पेडल फळीच्या टोकाशी ठेवतो, ज्याची वायर थेट मिक्सरला जाऊ शकते, आणि ध्वनियोजना पाहणाऱ्या माणसाला त्यासाठी एक चॅनल आधीच मोकळा ठेवायला सांगतो.